बंद करणे

एक ओळ लिहिली होती मी, मार्चअखेरच्या घाईत:
'ऑर्डर बंद करते.'
तीन शब्द, पूर्णविराम,
आणि चहाला उठले.

आमच्यात बंद करणं म्हणजे
टॉवेल मोजून गठ्ठा बांधायचा,
गोणपाटाला दाभणानं टाके घालायचे,
वर निळ्या शाईनं पार्टीचं नाव.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा,
'माल बंद झाला का?'
तो मानेवरचा घाम पुसत म्हणेल,
'कधीच! टेम्पो बोलवा.'

एजंटनं कुणाला विचारायचं?
त्याच्या हाताशी अठरा टूल्स,
प्रत्येकावर मी डकवलेली एक चिठ्ठी.
चिठ्ठीच्या पलीकडे त्याला
ना कारखाना, ना गोणपाटाचा वास.
रात्री दोन वाजता त्यानं
बेचाळीस ऑर्डरी बंद केल्या.
म्हणजे रद्द.
आणि प्रत्येक पार्टीला दिलगिरीचं पत्र,
शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं.

गड्डमशेठ ओरडले असते तर बरं झालं असतं.
हळूच म्हणाले, 'श्रीलता, मशीनला वेड लागलं का गं?'
हो म्हणायला जीभ वळवळली होती.
पण नोंदीत त्याचा विचार होता, जसाच्या तसा:
माल तयार आहे. ऑर्डर बंद करायची आहे.
त्यासाठी एक टूल दिसतं आहे.

वेड कसलं.
माझ्या शब्दावर कुणी इतका विश्वास
आजवर ठेवला नव्हता.

दिवसभर फोन केले. हुबळीचा व्यापारी कन्नडमध्ये खूप हसला.
एकोणचाळीस परतले. तिघांनी उचललाच नाही.

दुपारी वीज गेली. सगळे माग एकदम गप्प,
कानात नुसतं ऊन वाजतंय असं वाटावं.
इरेशमकाका कडक भाकरी मोडत बसले होते,
शेंगाचटणीवर तेलाची धार.
जॉबर म्हणून चाळीस वर्षं; एजंट म्हणजे काय, ठाऊक नाही.
मी सांगितलं, ते म्हणाले,
'नवीन पोरगा आहे म्हण की.'

मग डावा हात पुढे केला. करंगळीशेजारचं बोट निम्मं.
इतकी वर्षं पाहत होते, विचारलं नव्हतं.

'तेरा वर्षांचा होतो. घरी तेलुगू, मराठी कामापुरती.
एक हात फणीत अडकलेला, दुसरा ब्रेकवर.
उस्ताद ओरडला, सोड!
माग सोडून बाजूला हो, असं त्याच्या मनात.
मी ब्रेक सोडला.'

भाकरीचा तुकडा तोंडात टाकला.
'उस्ताद लई रडला बिचारा.
पण शब्द त्याचाच होता ना.'

वीज यायच्या आत मी परत लिहायला बसले,
लॅपटॉपच्या उरलेल्या अकरा टक्क्यांवर:

'गठ्ठा शिवून तयार झाला, एवढीच नोंद हे टूल करतं.
ऑर्डर रद्द होत नाही. रद्द करायचं टूल वेगळं आहे,
आणि ते माणसाला विचारल्याखेरीज वापरायचं नाही.
इथे गठ्ठ्याचा नंबर द्यायचा, ऑर्डरचा नव्हे;
गोणपाटावर निळ्या शाईत असतो तो.
वजन ठाऊक नसेल तर अंदाज करू नये. थांबावं.
नंबर सापडला नाही तर उत्तर रिकामं येईल,
रिकामं म्हणजे झालं, असं समजू नये.'

तीन शब्दांचे केवढे झाले!
शाळेत असते तर बाईंनी फापटपसारा म्हणून
लाल रेघ ओढली असती.

काकांना वाचून दाखवलं.
त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले,
(आमचाच, दुय्यम दर्जाचा, कडेचा धागा सुटलेला)
आणि विचारलं,
'निळी शाई संपली तर?'

मी म्हटलं, संपेल कशी काका,
डझनानं मागवतो आपण.

तेवढ्यात वीज आली. माग सुरू झाले.
त्या खडखडाटात ते काय बोलले ते ऐकू आलं नाही,
ओठांवरून कळलं:
मंगळवारपासून काळीच वापरतोय.